नाव न सांगायचं झाड

चंद्रभानभाऊ ढोल्यांना अमरावतीत गमत नव्हतं. वरूडकडची संत्र्याची बाग मक्त्याने देऊन ते मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, कारण गुडघा आणि साखर दोन्ही एकाच वर्षी बिघडले. मुलगा चांगला, सून चांगली, बिल्डिंगला लिफ्ट. पण ज्या माणसाने जन्मभर तोंड धुतलं की बागेच्या कडेने धुऱ्याधुऱ्याने चक्कर मारली, त्याला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं करून "बाबा, इथून हवा छान येते" म्हटल्यावर त्याने करायचं काय? ते उभे राहत आणि खाली कोण गाडी वाकडी लावतं ते बघत. बायको वच्छलाबाई आठवड्याभरात शेजारणींत मिसळून गेल्या. चंद्रभानभाऊंना मात्र बोलायला माणूस मिळेना, आणि बोलल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते छत्री तलावावर जाऊ लागले. तिथे सकाळी फिरणाऱ्यांची जत्राच असते, पण सगळे तलावाच्या काठाकाठाने. मागे टेकडी चढत जाते आणि पुढे पोहऱ्याच्या जंगलाला मिळते, तिकडे कोणी फारसं फिरकत नाही. बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून पेपरात येते, तेवढी पुरते. चंद्रभानभाऊंनी पहिल्या दिवशी ओढ्यावरच्या रपट्यावर उभं राहून वर पाहिलं आणि बागाईतदाराचा निकाल देऊन टाकला.

"निरा काड्याच होय."

"काड्या तं काड्या," बाजूने आवाज आला. "जवळून पाहून तं घ्या."

बोलणारे धर्मपाल तायडे होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, हात मागे बांधून चालणारे, अंगाने किडकिडीत. लोक त्यांना तायडे साहेब म्हणत, आणि ते कोणालाच फार काही म्हणत नसत. चंद्रभानभाऊ त्यांच्या मागोमाग टेकडी चढले ते केवळ बोलणं अर्धवट राहिलं होतं म्हणून.

असं जमलं ते. एकाला बोलायची खोड, दुसऱ्याला गप्प राहायची. चंद्रभानभाऊ संत्र्याचा आंबिया बहार, मृग बहार, व्यापाऱ्यांची लबाडी असं एकेक काढत चालत आणि तायडे साहेब मध्येच थांबून बोट वर करत. बोटाच्या रोखाने एखादा सुतार पक्षी असे किंवा काहीच नसे, नुसता पाचोळ्यातून सरपटत गेलेला आवाज. चंद्रभानभाऊंना आधी राग आला. भर बोलण्यात माणसाला कोण असं थांबवतं? पण बोट खाली येईपर्यंत गप्प राहायची सवय लागली, आणि एके दिवशी घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज बहाराचा विषय निघालाच नाही.

उन्हाळा गेला, पाऊस झाला, त्या काड्यांवर पानं आली. धावडा कोणता, सालई कोणती, तेंदू कुठे, हे त्यांना कळू लागलं. बागेत झाड दिसलं की त्यांना आधी फळ दिसायचं, मग खत, मग मजुरी. या झाडांकडे मागण्यासारखं काही नव्हतं. साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा ते झाडाकडे नुसते पाहायला शिकले, आणि त्यांना आश्चर्य वाटलं की यात एवढं बरं का वाटावं. वच्छलाबाईंनाही फरक दिसला. "आजकाल तुमी डोकं खात नाई," त्या म्हणाल्या. ही त्यांची शाबासकी होती.

चढ संपतो तिथे एक सपाट दगड आहे आणि दगडाला लागून आपट्याचं झाड. फार मोठं नाही, खोड वाकडं, पण पसारा छान. त्या अंगाला आपटा एवढा एकच. दोघे रोज त्याखाली दम घ्यायला बसत. तायडे साहेब बसण्याआधी खोडाला एकदा हात लावत, घरात शिरताना माणूस दाराला लावतो तसा. चंद्रभानभाऊंनीही ते उचललं. त्या दगडावर ते एकमेकांना बरंच काही बोलले. तायडे साहेबांचा मुलगा पुण्यात होता आणि फोनवर घाईत असायचा. चंद्रभानभाऊंना बाग सोडून आल्याची लाज वाटायची, हे त्यांनी वच्छलाबाईंनाही सांगितलं नव्हतं, तायडे साहेबांना सांगितलं.

तायडे साहेबांची एक गोष्ट मात्र त्यांना विचित्र वाटे. क्वचित कोणी हौशी माणूस टेकडीवर येई आणि विचारी, काका, हे कोणतं झाड? तायडे साहेब सरळ तोंडाने सांगत, "माहीत नाई बा." श्रावणात एका बाईने तर बेलाखाली उभं राहून विचारलं, हा बेलच ना? तरी यांचं तेच.

"अवो साहेब, तुमाले तं झाडाचा बाप-आजा माहीत," बाई गेल्यावर चंद्रभानभाऊ हसत म्हणाले. "बिचारीले सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"राहू द्या," तायडे साहेब म्हणाले. चंद्रभानभाऊंनीही राहू दिलं, कारण साहेब लोकांना थोडा चक्रमपणा असतोच अशी त्यांची समजूत होती.

मग दसरा आला. तायडे साहेब बायकोला घेऊन दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. "दोन दिवसांनी भेटू," म्हणाले. दसऱ्याच्या सकाळी चंद्रभानभाऊ एकटेच निघाले. रस्त्यावर सोन्याचे ढीग लागलेले, आपटा म्हणून कांचनाची मोठाली पानं विकायला मांडलेली. बागाईतदाराच्या डोळ्याला ती लबाडी लगेच कळली आणि त्यांच्या मनात आलं, आपल्या माणसाला असलं खोटं सोनं द्यायचं? आपल्याकडे अस्सल आहे. आणि तेही आपल्या झाडाचं.

टेकडीवरून काही तोडून न्यायचं नाही, एवढं त्यांना कळलेलं होतं. उन्हाळ्यात पळसाचं फूलसुद्धा त्यांनी खिशात घातलं नव्हतं. पण सोनं घेणं म्हणजे तोडणं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कोणाच्या येतं? लहानपणापासून सोनं हे लुटायचंच असतं. त्यांनी आपट्यापुढे हात जोडले, देवापुढे जोडावेत तसे मनापासून, आणि मग खालच्या दोन फांद्या धरून ओढल्या. चाकू नव्हता. फांद्या करकरत आल्या.

खाली तलावाशी खुशालराव भेटले. हे त्यांच्याच कॉलनीतले, मोठ्या आवाजाचे, फिरायला येणाऱ्या दहा-बारा जणांचे पुढारी. एरवी चंद्रभानभाऊंच्या नमस्काराला मान हलवण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं.

"अरे वा, ढोले! अस्सल आपटा! कुठून आणला?"

सगळे भोवती जमले. बायका पानं हातात घेऊन पाहू लागल्या. या गावात आल्यापासून एवढी माणसं एका वेळी चंद्रभानभाऊंचं ऐकायला कधी उभी राहिली नव्हती. त्यांनी खऱ्या आणि खोट्या आपट्यातला फरक समजावला. मग वाटही समजावली. रपटा ओलांडा, डावीकडचा चढ धरा, सपाट दगड लागेल. छाती भरून आली होती त्यांची.

तिसऱ्या दिवशी ते दोन निवडक पानं खिशात घालून पहाटेच रपट्यावर पोचले. तायडे साहेब त्यांच्याही आधी आले होते. टेकडीवरून खाली उतरत होते.

"घ्या साहेब, सोनं घ्या," चंद्रभानभाऊ पुढे होऊन म्हणाले. "सोन्यासारखे राहा."

तायडे साहेबांनी पानं तळहातावर घेतली. "कुठलं हे?"

"आपल्या झाडाचं," चंद्रभानभाऊ कौतुकाने म्हणाले.

तायडे साहेबांनी मूठ मिटली. त्यांच्या तोंडावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. "बरं," एवढं म्हणून ते बाजूने निघाले आणि मागे न पाहता घराकडे गेले. गळाभेट घ्यायला पुढे केलेले चंद्रभानभाऊंचे हात तसेच राहिले. वर जायची इच्छाच गेली, तेही घरी परतले.

दुसऱ्या दिवशी तायडे साहेब आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चंद्रभानभाऊ रपट्यावर बसून वाट पाहत आणि ऊन वर आलं की परत जात. घरात त्यांचं बोलणं बंद झालं तेव्हा वच्छलाबाईंनी खोदून विचारलं.

"अवो, तुमाले काई समजते का?" सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "थे बौद्ध लोक होय. दसऱ्याले त्याइचा धम्माचा दिवस असते. त्याइले तुमी सोनं कावून दिलं?"

चंद्रभानभाऊंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असंच असणार. त्यांना आपलं गाव आठवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळ्या गावाला सोनं वाटत फिरणारी माणसं नाल्यापलीकडच्या वस्तीकडे वळत नसत. लहानपणी त्यांनी वडिलांना कधी विचारलं नव्हतं की तिकडे का नाही जायचं. ज्यांना बापाने सोनं दिलं नाही, त्यांच्यातल्या एकाला आपण ते द्यायला गेलो आणि तेही त्यांच्या मोठ्या दिवसाचा विचार न करता. साहेबांना काय वाटलं असेल? रात्रभर त्यांनी माफीची वाक्यं जुळवली.

कोजागिरी झाल्यावर ते तायडे साहेबांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाताईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा ठेवला. तायडे साहेब समोर येऊन बसले आणि पेपरची घडी घालत राहिले.

"साहेब, चुकलो मी," चंद्रभानभाऊंनी एका दमात सुरुवात केली. "तुमच्यात सोनं चालत नाई, हे माया ध्यानात यायले पायजे होतं. धर्माची गोष्ट आहे. माया मनात काई नव्हतं. मले माफ करा."

तायडे साहेबांनी घडी बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा आणखीच पडला.

"मी नोकरीत होतो तेव्हा दर दसऱ्याले टेबलावर सोन्याचा ढीग पडे," ते हळू म्हणाले. "कोणाचं परत केलं नाई. देणाऱ्याचं मन पाहावं लागते. मंग तुमचं कावून परत करीन?"

"तं मंग तुमी रागावले कावून?"

"एवढे दिवस एका दगडावर बसलो, चंद्रभानभाऊ. अन् मी रागावलो तं तुमाले पहिले माई जात आठवली."

चंद्रभानभाऊंनी कप खाली ठेवला. कपातला चहा निवला. ज्योत्स्नाताई आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

"सोनं दिल्यावर तुमी वर गेलते का?" तायडे साहेबांनी विचारलं.

"नाई."

"जाऊन या," ते म्हणाले आणि पुन्हा पेपर उचलला.

चंद्रभानभाऊ तिथून तसेच टेकडीवर गेले, दुपारच्या उन्हात, गुडघा धरत. दगड दिसला, पण त्याच्यावर सावली नव्हती. आपट्याच्या अंगावर पान शिल्लक नव्हतं. हात पोचेल तिथवरच्या फांद्या मोडून नेलेल्या, वरच्या आकड्याने ओढलेल्या, मधला शेंडाच खाली वाकून फाटलेला. खाली चुरडलेली पानं आणि गुटख्याची पाकिटं. सगळ्यात वाईट मात्र खालच्या दोन जखमा होत्या. तिथे फांदीबरोबर खोडाची साल लांबवर सोलून आली होती आणि आतलं लाकूड उघडं पडून काळवंडलं होतं. त्या दोन फांद्या खुशालरावांच्या माणसांनी ओढल्या नव्हत्या.

बागेत कोणा मजुराने अशी साल काढली असती तर चंद्रभानभाऊंनी त्याला दिवसभर शिव्या घातल्या असत्या. ते दगडावर बसले आणि रडले. मोठा माणूस झाडासाठी रडतो हे कोणी पाहायला नव्हतं, ते बरं झालं. तायडे साहेब "माहीत नाई" का म्हणत, ते आता त्यांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. बेलाचं नाव कळलं की श्रावणात बेल गेला. आपट्याचं कळलं की दसऱ्याला आपटा. आणि ते नाव, वाटेसकट, आपण चारचौघांत वाटलं होतं, चार लोकांनी आपल्याकडे पाहावं म्हणून.

रडून झाल्यावर बागाईतदार जागा झाला. संध्याकाळी त्यांनी कृषी केंद्रातून मोरचूद आणला, चुना आणला आणि गॅलरीत प्लास्टिकच्या दोन बादल्यांत वेगवेगळे भिजत घातले. सून घाबरून पाहत होती. "बोर्डो होय," ते म्हणाले. "संत्र्याची फांदी छाटली का लावतो. जखमेत कीड शिरत नाई." सकाळी दोन्ही एकत्र करून त्यांनी दाट निळा लेप केला आणि बादली घेऊन टेकडी चढले. फांद्यांचे फाटलेले खुंट बारक्या करवतीने साफ कापले, सालीच्या कडा चाकूने नीट केल्या आणि ब्रशने एकेका जखमेवर लेप दिला. हात सरावाचे होते. बागेतल्या हजारो झाडांना जे केलं, ते या एका झाडाला करताना मात्र ते पुन्हा पुन्हा थांबत होते. काम संपल्यावर त्यांनी खोडाला हात लावला. कोणाला काही सांगितलं नाही, तायडे साहेबांनाही नाही. माफी एकदा चुकीची मागून झाली होती, दुसऱ्यांदा तोंड उघडायची हिंमत नव्हती.

मग ते रोज एकटेच जाऊ लागले. दिवाळी आली, गेली. सकाळी हवेत गारवा येऊ लागला. एकटं चालताना टेकडी वेगळी लागते, हे त्यांना या दिवसांत कळलं. आधी फार शांत वाटलं, मग लक्षात आलं की शांत असं काही नसतंच. धावड्याच्या पानांतून वारा वेगळा वाजतो, सागाच्या पानांतून वेगळा. सवयीने ते बोट वर करत, आणि कोणाला दाखवायला नाही म्हणून खाली घेत. कोणी सोबत नसतानाही साहेब सोबत असल्यासारखे वाटत, आणि त्यामुळेच नसल्याचं जास्त टोचे. वच्छलाबाई म्हणत, दुसरं कोणी पाहा, गावात काय माणसांचा दुष्काळ आहे? चंद्रभानभाऊ मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जात.

एका सकाळी त्यांना निळ्या लेपाच्या कडेला काहीतरी लालसर दिसलं. वाकून पाहिलं तर फुटवा होता, नखाएवढा, आणि त्याला मधून दुमडलेलं इवलंसं जोडपान. तापात पडलेलं लेकरू उठून बसल्यावर व्हावा तसा आनंद त्यांना झाला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सांगायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात वाटेवरून एक बाई आल्या. बूट, टोपी, हातात फोन. नवीन राहायला आल्या असाव्यात.

"काका, किती सुंदर जागा आहे ही," त्या म्हणाल्या. "आणि हे कसलं झाड हो? निळा रंग का लावलाय?"

चंद्रभानभाऊंच्या जिभेवर सगळं तयार होतं. अस्सल आपटा कसा ओळखायचा, कांचनात आणि त्याच्यात काय फरक, लेप कसा करायचा, मोरचूद किती. बाई ऐकायलाही उत्सुक दिसत होत्या. कितीतरी दिवसांत त्यांचं असं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी फुटव्याकडे पाहिलं आणि जीभ आवरली.

"माहीत नाई बा," ते म्हणाले. "जंगली आहे काईतरी. कीड लागलेली दिसते."

बाईंनी झाडाचा फोटो घेऊन फोनवर शोधून पाहिलं, पण टेकडीवर रेंज नव्हती. त्या पुढे निघून गेल्या.

"बरं खोटं बोलता येते तुमाले," मागून आवाज आला.

धावड्याच्या आडोशाला तायडे साहेब हात मागे बांधून उभे होते. ते जवळ आले, खोडाला हात लावला आणि दगडाच्या आपल्या बाजूला बसले. चंद्रभानभाऊ उभेच राहिले.

"मी येत होतो," तायडे साहेब म्हणाले. "तुमी गेल्यावर. उशिरा." त्यांनी निळ्या लेपावरून बोट फिरवलं. "पहिल्या दिवशी पाह्यलं तं ज्योत्स्नाले घरी जाऊन सांगतलं, म्हटलं, ढोल्यानं आपट्याले निळा करून टाकला. आला तो बी आपल्यात."

चंद्रभानभाऊ हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "साहेब, त्या दिवशी मी जे बोललो..."

"बसा आधी," तायडे साहेब म्हणाले.

ते बसले. तायडे साहेबांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, आणि त्यातून दोन पानं काढली. वाळून तपकिरी झालेली, कडा थोड्या तुटलेल्या.

"तुमी दिलेलं सोनं मी घेतलं होतं," ते म्हणाले. "पण सोनं नुसतं घ्यायचं नसते, द्यावंबी लागते. माया राहून गेलं होतं."

त्यांनी एक पान चंद्रभानभाऊंच्या हातावर ठेवलं आणि दुसरं पुन्हा चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. चंद्रभानभाऊंनी ते पान जपून वरच्या खिशात घातलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण तायडे साहेबांनी बोट वर केलं होतं, म्हणून ते गप्प राहिले आणि तिकडे पाहू लागले.